अडीच लाख येनांचा राजीनामा

जपानच्या अर्वाचीन राजकारणांत पैशापायीं अधिकारपदावरून खालीं आलेल्या पुरुषांची मालिका इतकी मोठी आहे कीं, तींतील एकाच्याच पतनावर स्वतंत्र निबंध लिहिण्याचें प्रयोजन काय, असें वाचक आम्हांस विचारतील. विमानकंपनीची लांच, बाजारांत येण्यापूर्वींच हातीं पडलेले कंपनीचे शेअर, धाडींत निघालेल्या सोन्याच्या लगडी, असे त्या इतिहासांतील ठळक प्रसंग आपल्याकडील वर्तमानपत्रांतूनही वेळोवेळीं येऊन गेलेले आहेत. परंतु या मालिकेंत एक राजीनामा असा आहे कीं, त्याच्या मुळाशीं असलेली रक्कम टोकियोंतील एखाद्या साध्या पगारदाराच्या महिन्याच्या प्राप्तीहून फारशी अधिक भरत नाहीं. ता. ६ मार्च २०११ रोजीं जपानचे परराष्ट्रमंत्री सेइजी माएहारा यांनीं आपलें पद सोडलें. त्यांच्या राजकीय निधीस एका बाईनें वर्षास ५०,००० येन याप्रमाणें कांहीं वर्षें देणगी दिली होती. सर्व मिळून ती अडीच लाख येन, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें तीन हजार अमेरिकन डॉलर भरली. देणगी गुप्त नव्हती. ती हिशेबांत रीतसर लिहिलेली होती. दोष एवढाच कीं, देणारी बाई कायद्याच्या दृष्टीनें परकी होती. हा दोष किती मोठा, आणि ती बाई परकी कोणत्या अर्थानें, याचा विचार करूं लागलें म्हणजे या लहानशा रकमेच्या मागें जपानचा शंभर वर्षांचा इतिहास उभा असलेला दिसतो.

माएहारा यांचा जन्म ३० एप्रिल १९६२ रोजीं क्योतो शहरीं झाला. वडील न्यायालयाच्या नोकरींत होते. मुलगा अद्याप शाळेंत आहे तोंच ते वारले, आणि घराचा भार आईवर पडला. शिष्यवृत्तीच्या आधारानें मुलानें क्योतो विश्वविद्यालयांत कायद्याचा अभ्यास केला. तेथें मासाताका कोसाका हे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे नामांकित अध्यापक त्यास लाभले, व परराष्ट्रनीतीची गोडी त्यास लागली ती तेथेंच. १९८७ सालीं पदवी घेतल्यावर तो मात्सुशिता संस्थेंत दाखल झाला. ही संस्था वाचकांस ठाऊक असण्याचा संभव कमी, म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. विजेच्या उपकरणांचे मोठे कारखानदार कोनोसुके मात्सुशिता यांनीं १९७९ सालीं ती स्थापन केली. देशाच्या राजकारणास नवीं माणसें मिळावींत हा तिचा हेतु. असा हेतु मनांत येण्याचें कारण असें कीं, जपानांत प्रतिनिधिसभेची जागा आपल्याकडील पाटिलकीप्रमाणें बापाकडून मुलाकडे, आणि मुलाकडून नातवाकडे जाण्याचा प्रघात फार आहे. राजकारणांत शिरण्यास तीन ‘बान’ लागतात, असें तेथील लोक म्हणतात: जिबान, कानबान आणि काबान, म्हणजे मतदारसंघांतील बैठक, दारावरची नांवाची पाटी, आणि पैशाची पिशवी. ज्याचा बाप किंवा आजा सभासद होता त्यास तिन्ही आयतीं मिळतात. ज्याचा बाप न्यायालयांतील नोकर होता व तोही लौकर गेला, त्यास यांपैकीं एकही मिळत नाहीं. त्यानें गल्लोगल्लीं हिंडावें, दुकानदारांशीं दोन शब्द बोलावे, ओळखीच्या माणसांनीं वर्षाकांठीं चार पैसे दिले तर ते आभारपूर्वक घ्यावे, हाच त्याचा मार्ग. माएहारा याच मार्गानें १९९१ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, क्योतो प्रांताच्या विधिमंडळांत निवडून आले. ज्या बाईच्या देणगीनें पुढें त्यांचें मंत्रिपद गेलें, ती क्योतोंत खाणावळ चालवीत असे, व माएहारा शाळकरी असल्यापासून त्यांस ओळखत असे. पिशवी नसलेल्या उमेदवाराची पिशवी भरते ती अशाच लोकांकडून, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

त्यानंतरच्याच वर्षीं असा एक प्रकार घडला कीं, त्यानें सारा जपान पेटून उठला. सत्तारूढ उदारमतवादी लोकशाही पक्षाचे उपाध्यक्ष शिन कानेमारू यांनीं सागावा क्यूबिन या मालवाहतुकीच्या कंपनीकडून पन्नास कोटी येन गुप्तपणें घेतल्याचें १९९२ सालीं बाहेर आलें. कानेमारू हे स्वतः मुख्य प्रधान कधींच झाले नाहींत. परंतु मुख्य प्रधान कोण व्हावा हें ठरविण्यांत त्यांच्या शब्दास मोठें वजन असे. त्यांनीं पैसे घेतल्याचें कबूल केलें, पक्षांतील पद सोडलें, आणि सरकारी वकिलांच्या कचेरींत चौकशीस हजर होण्याचें मात्र टाळलें. लेखी जबाबावरच प्रकरण मिटविण्यांत आलें, आणि राजकीय निधीच्या कायद्यान्वयें त्यांस दंड झाला तो वीस हजार नव्हे, वीस कोटी नव्हे, दोन लाख येन. कायद्यांत त्या अपराधास यापेक्षां अधिक दंडाची सोयच नव्हती. लोकांचा क्षोभ इतका अनावर झाला कीं, एका माणसानें टोकियोंतील सरकारी वकिलांच्या कचेरीच्या पाटीवर पिवळा रंग फेंकला. कानेमारूंस अखेर डाएटाचें, म्हणजे तेथील पार्लमेंटाचें, सभासदत्वही सोडावें लागलें; आणि १९९३ च्या मार्चांत प्राप्तीवरील कर चुकविल्याच्या आरोपावरून त्यांस अटक झाली, तेव्हां त्यांच्याकडे रोखे आणि सोनें यांचा केवढा तरी सांठा निघाला. पन्नास कोटींस दोन लाखांचा दंड, हा आंकडा वाचकांनीं स्मरणांत ठेवावा, अशी आमची विनंति आहे. अडीच लाखांच्या देणगीची कथा त्याच्या शेजारीं ठेवूनच वाचावयाची आहे.

या क्षोभाच्या लाटेवर माएहारा देशाच्या राजकारणांत आले. १९९३ च्या जुलैंत झालेल्या निवडणुकींत कुमामोतोच्या जुन्या संस्थानिक घराण्यांतील मोरिहिरो होसोकावा यांच्या नव्या पक्षातर्फे ते प्रतिनिधिसभेवर निवडून गेले. अडतीस वर्षें अखंड राज्य केलेला पक्ष पदच्युत झाला, आठ पक्षांचें संयुक्त मंत्रिमंडळ बनलें, आणि राजकारण धुऊन स्वच्छ करण्याचें वचन देऊन होसोकावा मुख्य प्रधान झाले. त्यांनीं निवडणुकीची पद्धति बदलली. राजकीय पक्षांस सरकारी तिजोरींतून, देशांतील दर माणशीं २५० येन याप्रमाणें, साहाय्य देण्याची योजना केली. श्रीमंत कंपन्यांच्या पैशावरील पक्षांचें अवलंबन कमी व्हावें हा त्यांत उद्देश होता. आणि हें सर्व करणाऱ्या होसोकावांस १९९४ च्या एप्रिलांत राजीनामा द्यावा लागला, तोही त्याच सागावा कंपनीकडून पूर्वीं घेतलेल्या दहा कोटी येनांच्या कर्जावरून! तरुण सभासदास आपल्या पहिल्याच वर्षीं आपल्या पुढाऱ्याची ही गति पाहावी लागली. ज्यांच्या डोळ्यांपुढें असे प्रसंग घडले, त्या पिढीस ‘निर्मळ राजकारण’ या शब्दांची एक प्रकारची ओढ आणि धास्ती दोन्ही लागून राहिली असल्यास नवल नाहीं.

पुढें ते लोकशाही पक्षांत गेले. त्या पक्षाचा २००५ सालीं मुख्य प्रधान कोइझुमी यांच्यासमोर दारुण पराभव झाला, तेव्हां पक्षाच्या नेतृत्वासाठीं झालेल्या निवडणुकींत माएहारा यांनीं नाओतो कान यांस ९६ विरुद्ध ९४ अशा दोन मतांनीं हरविलें. वय ४३. सर्व जपानचें लक्ष या नव्या पुढाऱ्याकडे लागलें; आणि अवघ्या सहा महिन्यांत तें नेतृत्व गेलें. तेंही पैशाच्याच प्रकरणांत, परंतु विलक्षण रीतीनें. २००६ च्या फेब्रुवारींत त्यांच्या पक्षाच्या एका सभासदानें डाएटांत असा आरोप केला कीं, एका बड्या उद्योगपतीनें सत्तारूढ पक्षाच्या मुख्य चिटणीसाच्या मुलास तीन कोटी येन देण्याचा हुकूम इलेक्ट्रॉनिक टपालानें दिला. पुरावा म्हणून दाखविलेलें तें पत्र बनावट ठरलें. पुढाऱ्यानें सहकाऱ्याच्या शब्दावर विश्वास टाकला होता व पत्राची पारख केली नव्हती; ३१ मार्च २००६ रोजीं माएहारा पायउतार झाले. दुसऱ्यावर पैशाचा खोटा आळ आल्यामुळें पहिलें पतन, आणि स्वतःच्या खऱ्या परंतु क्षुल्लक देणगीमुळें दुसरें, असा हा योग आहे.

२००९ च्या ऑगस्टांत लोकशाही पक्षानें प्रतिनिधिसभेच्या ४८० पैकीं ३०८ जागा जिंकल्या, आणि माएहारा भूमि व दळणवळण खात्याचे मंत्री झाले. येथें त्यांच्या स्वभावाची खरी ओळख पटते. पद स्वीकारतांच त्यांनीं गुन्मा प्रांतांतील यांबा धरणाचें काम बंद केल्याचें जाहीर केलें. या धरणाची योजना १९५२ पासून चाललेली. गांवकरी प्रथम विरोध करून थकले, मग उठून जाण्यास तयार झाले, नवे रस्ते व पुलांचे खांब उभे राहिले, आणि आतां मंत्री म्हणतात धरण नको! निर्णय तत्त्वतः कितीही योग्य असो, ज्यांनीं आपलें गांव आधींच मनांतून सोडलें होतें त्यांच्याशीं बोलण्यापूर्वीं तो जाहीर करणें हें शहाणपणाचें नव्हतें, असें आम्हांस वाटतें. त्यांच्याच पक्षाच्या सरकारनें २०११ च्या अखेरीस तें काम पुन्हां हातीं घेतलें, व २०२० सालीं धरण पुरें झालें. कर्जांत बुडालेल्या जपान एअरलाइन्स कंपनीची पुनर्घटनाही त्यांच्याच कारकीर्दींत सुरू झाली. सप्टेंबर २०१० मध्यें सेन्काकू बेटांजवळ एका चिनी मच्छीमार जहाजाची जपानी गस्ती नौकांशीं टक्कर झाली. किनाऱ्यावरील पहाऱ्याचें दल माएहारांच्याच खात्यांत मोडत असे. जहाजाच्या कप्तानास अटक झाली, चीन संतापला, आणि त्याच महिन्यांत माएहारा परराष्ट्रमंत्री झाले. चीनविषयीं कणखर व अमेरिकेशीं मैत्रीचे खंदे पुरस्कर्ते अशी त्यांची ख्याति. मुख्य प्रधान कान यांच्या मागून हेच येणार, असें पुष्कळांस वाटत होतें.

अशा स्थितींत ४ मार्च २०११ रोजीं वरिष्ठ सभागृहाच्या अंदाजपत्रक समितींत विरोधी पक्षाचे शोजी निशिदा यांनीं त्यांस प्रश्न विचारला. निशिदा हेही क्योतोचेच प्रतिनिधि. घरचा भेद घरच्यास ठाऊक. जाहीर झालेल्या हिशेबांत अमुक बाईची देणगी आहे, ती बाई दक्षिण कोरियाची नागरिक आहे, हें खरें काय? माएहारा यांनीं ओळख मान्य केली, देणगी घेतली गेल्याचें मान्य केलें, व आपणांस तिची कल्पना नव्हती असें सांगितलें. दोन दिवस गेले. रविवारीं, ६ मार्च रोजीं, त्यांनीं मुख्य प्रधानांची भेट घेतली व राजीनामा दिला.

आतां कायदा पाहूं. जपानांतील राजकीय निधीच्या नियमनाचा कायदा मूळचा १९४८ सालचा, अमेरिकन ताब्याच्या काळांतला. परकीयांकडून, परकी संस्थांकडून किंवा परकी कंपन्यांकडून राजकीय कार्यासाठीं देणगी घेण्यास त्याची मनाई आहे. जाणूनबुजून ती घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाख येनांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि मत देण्याचा व निवडणुकीस उभें राहण्याचा हक्कही कांहीं काळ जातो. या मनाईचा उद्देश कोणासही पटेल. एखादें मोठें परराष्ट्र पैशाच्या जोरावर आपल्या कायदेमंडळांत आपलीं माणसें बसवील, ही भीति काल्पनिक नव्हे, व तिच्याविरुद्ध कुंपण घालणें हें प्रत्येक स्वतंत्र राष्ट्राचें कर्तव्य आहे. माएहारांविरुद्ध खटला झाला नाहीं. परंतु परराष्ट्रमंत्र्यानें परकीयाचे पैसे घेतले, हें वाक्य कानावर पडलें म्हणजे पुढील चौकशी करण्याची कोणास गरज वाटत नाहीं. वाक्यांत चूक नाहीं. चूक असेल तर ती ‘परकीय’ या शब्दांत आहे.

१९१० सालीं जपाननें कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. तेव्हांपासून १९४५ पर्यंत प्रत्येक कोरियन मनुष्य कायद्यानें जपानच्या सम्राटाचा प्रजाजन होता. पोटासाठीं, आणि युद्धाच्या काळांत सक्तीनेंही, लाखों कोरियन जपानांत आले. ओसाका, क्योतो, कोबे येथील कारखान्यांत, खाणींत, रस्त्याच्या कामांवर राबले. १९२५ च्या कायद्यानें प्रौढ पुरुषांस मत मिळालें तें जपानांत राहणाऱ्या कोरियन पुरुषांसही मिळालें. इतकेंच नव्हे, तर १९३२ सालीं पाक चुन-गूम नांवाचा कोरियन गृहस्थ टोकियोंतून प्रतिनिधिसभेवर निवडून गेला. १९४० पासून कोरियन लोकांनीं जपानी धर्तीचीं नांवें घ्यावींत म्हणून सरकारनें दडपण आणलें. युद्ध संपलें तेव्हां सुमारें वीस लाख कोरियन जपानांत होते. बहुतेक परत गेले. सुमारें सहा लाख राहिले. त्यांच्या मतदानाचा हक्क १९४५ च्या डिसेंबरांतच तहकूब झाला, आणि २८ एप्रिल १९५२ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोचा तह अंमलांत आल्याबरोबर जपानी सरकारनें त्या सर्वांचें राष्ट्रीयत्व काढून घेतलें. कोणास विचारलें नाहीं, निवडीची संधि दिली नाहीं. काल रात्रीं जो शेजारी प्रजाजन म्हणून निजला, तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं परकीय म्हणून उठला.

जपानांत राष्ट्रीयत्व जन्मभूमीवरून ठरत नाहीं, आईबापांवरून ठरतें. त्यामुळें या लोकांचीं मुलें व नातवंडें क्योतोंत जन्मलीं, क्योतोच्या शाळेंत शिकलीं, जपानीखेरीज दुसरी भाषा त्यांपैकीं कित्येकांस येत नाहीं, तरी तीं कायद्यानें परकींच राहिलीं. अर्ज करून जपानी नागरिक होतां येतें, व पुष्कळ होतातही. परंतु ज्या राष्ट्रानें एकदां न विचारतां काढून टाकलें त्याच्याच दारीं अर्ज घेऊन उभें राहावें कीं नाहीं, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं सोडवावयाचा असतो, आणि परक्यानें त्याचा निवाडा करूं नये. १९९१ पासून यांस ‘विशेष कायम रहिवासी’ असा दर्जा मिळाला. कर ते देतात. मत देऊं शकत नाहींत. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें मत दिलें कीं, कायम रहिवासी असलेल्या परकीयांस स्थानिक निवडणुकींत मत देणारा कायदा केल्यास राज्यघटनेची आडकाठी नाहीं; परंतु तसा देशव्यापी कायदा झाला नाहीं.

खाणावळवाली बाई या लोकांपैकीं होती. तिचें वय पाहतां ती साम्राज्याच्या काळांत, म्हणजे सम्राटाची प्रजा म्हणूनच, जन्मलेली. गल्लींतला बिनबापाचा हुशार मुलगा मोठा झाला, मंत्री झाला. त्यास तिनें वर्षास पन्नास हजार येन दिले. आपल्याकडे शेजारच्या मुलाच्या मुंजींत आहेर करणारी बाई त्याहून निराळ्या भावनेनें तो करीत नसते. या रकमेंत कोरियन सरकारचा हात शोधणारास, आमच्या मतें, हात शोधण्याचाच छंद असला पाहिजे.

याच कायद्याचा आणखी एक भाग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग परकीयांच्या हातीं आहेत, ती परकी समजून तिच्याकडून देणगी घेण्यास पूर्वीं बंदी होती. जपानच्या बड्या कारखान्यांचे भाग लंडन व न्यूयॉर्क येथील भांडवलदार जसजसे घेऊं लागले, तसतशी ही बंदी कारखानदारांस व पक्षांसही जाचूं लागली. २००६ सालीं कायदा दुरुस्त झाला, आणि पांच वर्षांहून अधिक काळ जपानच्या शेअरबाजारांत नोंदलेल्या जपानी कंपनीस, तिचे मालक बहुतांशीं परकी असले तरीही, देणगी देण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे न्यूयॉर्कच्या भागीदाराचा पैसा जपानी, आणि क्योतोच्या खाणावळीचा पैसा परका! हा भेद करणाऱ्यांस आपण कांहीं विलक्षण करीत आहों असें वाटलें नसावें. कायदे करणारे नेहमीं समोर उभ्या असलेल्या अडचणीकडे पाहून ते करतात, व कारखानदार त्यांच्या समोर उभे होते.

मग माएहारा यांनीं राजीनामा दिला हें चुकलें काय? आमच्या परिचयाचे कांहीं विद्वान् गृहस्थ ‘चोर सोडून संन्याशाला सुळीं’ ही म्हण येथें लावतील. आम्हांस ती पुरती लागू पडत नाहीं असें वाटतें. माएहारा संन्याशी नव्हते. बाई कोरियन आहे हें त्यांस ठाऊक होतें; तिच्या देणगीची नोंद त्यांच्याच कचेरीच्या कागदांत होती; आणि २०११ च्या ऑगस्टांत त्यांनीं स्वतःच उघड केलेल्या माहितीवरून असें दिसलें कीं, परकीयांकडून आलेल्या अशा रकमा आणखीही होत्या, व सर्व मिळून त्या सुमारें सहा लाख येनांच्या घरांत गेल्या. रकमा लहान असल्या तरी जो मनुष्य निर्मळ राजकारणाच्या घोषणेवर निवडून येतो त्यानें आपल्या चिटणीसांकडून देणगीदारांची यादी वर्षांतून एकदां तरी वाचवून घ्यावयास हवी होती. कायदा अन्यायाचा असला तरी तो बदलण्याची सत्ता मंत्र्याच्या हातीं असते, मोडण्याची नसते. या दृष्टीनें राजीनामा योग्यच होता. परंतु तो योग्य होता असें म्हणतांना दुसरी गोष्टही त्याच दमांत म्हटली पाहिजे. माएहारा सांपडले तें त्यांनीं हिशेब लिहिला म्हणून. कानेमारूंचे पन्नास कोटी कोणत्याही वहींत नव्हते, म्हणून कोणा निशिदास ते वहींत सांपडूं शकले नसते. १९५४ च्या जहाजबांधणी प्रकरणांत सत्तारूढ पक्षाचे मुख्य चिटणीस एइसाकू सातो यांस अटक होणार होती, ती न्यायमंत्र्यानें आपला खास अधिकार वापरून थांबविली; न्यायमंत्री दुसऱ्या दिवशीं राजीनामा देऊन गेला, आणि सातो पुढें जवळजवळ आठ वर्षें मुख्य प्रधान राहून १९७४ सालीं शांततेच्या नोबेल पारितोषिकाचेही मानकरी झाले. काकुएइ तानाका यांस पन्नास कोटी येनांच्या लांचेबद्दल १९८३ च्या ऑक्टोबरांत चार वर्षांची शिक्षा झाली, आणि दोनच महिन्यांनीं निइगाताच्या मतदारांनीं त्यांस दोन लाखांहून अधिक मतांनीं पुन्हां निवडून दिलें. याच्या उलट २०१४ सालीं न्यायमंत्री मिदोरी मात्सुशिमा यांस मतदारसंघांत कागदी पंखे वांटल्याबद्दल पद सोडावें लागलें. पंखा दिसतो, तिजोरी दिसत नाहीं.

माएहारा गेले, पण प्रकरण त्यांच्याबरोबर गेलें नाहीं. ११ मार्चच्या सकाळीं ‘आसाही’ वृत्तपत्रानें प्रसिद्ध केलें कीं, खुद्द मुख्य प्रधान कान यांच्या निधींतही एका कोरियन रहिवाशाचे दहा लाखांहून अधिक येन आलेले आहेत. म्हणजे माएहारांच्या रकमेच्या चौपट. त्याच दिवशीं वरिष्ठ सभागृहाच्या समितींत कान यांस त्यासंबंधीं प्रश्न विचारण्यांत आले. देणगीदाराचें नांव जपानी होतें, म्हणून आपण त्यांस जपानी समजत होतों, असें उत्तर त्यांनीं दिलें. उत्तर खोटें मानण्याचें कारण नाहीं. ज्या सरकारनें एके काळीं कोरियन लोकांवर जपानी नांवें लादलीं, त्याच्याच वारसास आतां त्या नांवांमुळें माणूस ओळखूं येईना, इतकेंच. समितीचें काम चालू होतें. दुपारीं दोन वाजून सेहेचाळीस मिनिटांनीं सभागृह हालूं लागलें, वरचीं झुंबरें झुलूं लागलीं, सभासद बाकें धरून उभे राहिले. ईशान्य किनाऱ्यावरील तो भूकंप, त्यामागून आलेली समुद्राची लाट आणि फुकुशिमाच्या अणुविद्युत्केंद्राचा स्फोट यांची हकीकत येथें सांगण्याचें कारण नाहीं. कान यांनीं १४ मार्च रोजीं देणगी परत केली. ती परत केली गेली हें लक्षांत घेण्यास त्या आठवड्यांत जपानांत कोणास सवड नव्हती. कान सप्टेंबरपर्यंत मुख्य प्रधान राहिले. पांच दिवस आधीं गेलेले माएहारा मात्र गेले ते गेलेच. भूकंप आठवडाभर आधीं झाला असता तर काय झालें असतें, हा तर्क इतिहासाच्या विद्यार्थ्यानें करूं नये असें आम्ही वर्गांत सांगत असतों. परंतु येथें तो मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

कान यांच्या मागून नेता कोण, हें ठरविण्यासाठीं ऑगस्टांत झालेल्या निवडणुकींत माएहारा उभे राहिले व तिसरे आले. देणगीची आठवण ताजी होती. त्यांच्याच मात्सुशिता संस्थेंत शिकलेले योशिहिको नोदा मुख्य प्रधान झाले. २०१२ सालीं नोदांच्या मंत्रिमंडळांत त्यांस पुन्हां स्थान मिळालें. २०१७ सालीं ते पक्षाचे अध्यक्ष झाले, व टोकियोच्या राज्यपाल यूरिको कोइके यांच्या नव्या पक्षांत आपला पक्ष विलीन करण्याचा त्यांनीं घातलेला घाट इतका अंगाशीं आला कीं, महिना-दीड महिन्यांतच पक्ष दुभंगला आणि अध्यक्षपदही गेलें. यांबा धरण, बनावट पत्र आणि हें विलीनीकरण, तिन्ही ठिकाणीं उतावीळपणा हाच त्यांचा खरा दोष दिसतो. देणगींत तो दिसत नाहीं. २०२४ सालीं ते इशिन पक्षांत गेले. पक्ष बदलत गेले तरी क्योतोच्या दुसऱ्या मतदारसंघानें त्यांस सोडलें नाहीं. २०१२, २०१४, २०१७, २०२१ आणि २०२४ या पांचही निवडणुकींत तेथून तेच निवडून आले. त्या शहरांतील कोरियन रहिवाशांस या पांचांपैकीं एकाही निवडणुकींत मत नव्हतें.